मराठी संहिता तपासण्याआधी वर्डची मांडणी

संहिता उघडली की सर्वांत आधी होम टॅबवरचं ¶ हे बटण दाबा, किंवा कंट्रोल+शिफ्ट+८. आता स्पेस ठिपक्यासारखी आणि टॅब बाणासारखा दिसेल. दुहेरी स्पेस, स्पेसबारने ढकलून केलेला समास, ओळीच्या मध्येच मारलेलं एंटर हे सगळं लगेच उघडं पडतं. यातलं एंटर सर्वांत घातक, कारण पानाची रुंदी बदलली की वाक्य भलतीकडेच तुटतं.

झूम किमान १५० टक्के ठेवा. त्याहून कमी असेल तर अनुस्वार, रफार नजरेतून निसटतात. विसर्गाच्या जागी टाइप झालेला कोलन तर मोठ्या अक्षरातही चकवतो: ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ शेजारी ठेवून पाहा. म्हणून फाइंडमध्ये कोलन टाकून प्रत्येक जागा तपासाच.

फाँट बदलूनही देवनागरी तशीच राहते, ही नेहमीची अडचण. कंट्रोल+डी दाबा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फाँट व आकार बदला. वरचा रकाना रोमन अक्षरांसाठी असतो. निर्मला यूआय वाचायला स्वच्छ आहे.

दुरुस्त्यांसाठी कंट्रोल+शिफ्ट+ई दाबून ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय) सुरू करा, रिव्ह्यूमध्ये ‘ऑल मार्कअप’ निवडा, म्हणजे सगळ्या खुणा दिसतील. सलग वाचताना ‘नो मार्कअप’ बरा, पण तो खुणा फक्त लपवतो. दुरुस्त्या अ‍ॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट केल्याशिवाय फाइल मांडणीकाराकडे पाठवू नका, नाहीतर खोडलेला मजकूरही सोबत जातो.