घोड्याचे केस कापायचे ठरवले की आधी काय काय तयार हवे

पहिला प्रश्न मशीनचा नाही, गरजेचा आहे. सांगली-मिरजेच्या सपाटीवर दारात बांधलेल्या आणि आठवड्यातून एखादी रपेट होणाऱ्या घोड्याला रोजचा खरारा पुरतो. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याचे तसे नाही. थंडीच्या दाट केसांत घाम मुरतो, संध्याकाळी वारा सुटला तरी अंग ओलेच राहते आणि तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याखालची, कातडी सोलवटते. त्याचेही सगळे अंग भादरू नका. गळ्याखालची बाजू, छाती, तंगाची जागा आणि पोटाखालचा पट्टा कापला तरी बहुतेक घोड्यांचे भागते. दिवाळीनंतर केस पुरते भरले की कापावेत. संक्रांत उलटल्यावर हात लावू नये, कारण दिवस वाढू लागला की उन्हाळी केस यायला लागतात आणि तेच कापले जातात. म्हातारा घोडा उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस टाकत नसेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. ते बहुधा आजाराचे लक्षण असते.

मशीन घोड्यासाठीचेच हवे. माणसाच्या केसांचे ट्रिमर दाट केसांत अडकते, तापते आणि केस ओढते. ते फार तर तोंडाजवळ, घोट्याजवळ वापरावे. मोठ्या मशीनची दोन्ही पाती धारेची असावीत आणि धार लावताना जोडीनेच द्यावीत. कात्री-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे ही पाती देऊ नका, त्यांचा सपाटपणा जातो आणि मग कितीही आवळले तरी ती कापत नाहीत. पाती किती आवळायची हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. ढिली असली की केस मध्ये शिरून अडकतात, जास्त आवळली की मोटर तापते. तेल पातळ लागते. मशीनसोबतचे संपले तर शिलाई मशीनचे चालेल, खोबरेल मात्र नको, महाबळेश्वरच्या थंडीत ते थिजते. दर दहा मिनिटांनी थांबा, ब्रशने केस झाडा, तेलाचे दोन थेंब टाका आणि पाते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर घोड्यालाही बसतो, आणि पुढच्या वेळी तो मशीन दिसताच बिथरतो.

वाडीवस्तीवर विजेची वेळ पाहूनच कामाला लागा. अर्धे अंग कापून वीज गेली तर घोडा तसाच गारठतो, म्हणून एक चार्ज केलेली बॅटरी मशीन जवळ असू द्या. वायर सलग, कुठेही न सोललेली आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर जोडलेली हवी. ती घोड्याच्या पायाखालून किंवा पाठीवरून नेऊ नका. जमीन कोरडी, उजेड दोन्ही बाजूंनी, पायात रबरी तळाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. घोडा खुंट्याला आवळून बांधण्यापेक्षा माहितगार माणसाच्या हातात द्या, आणि त्या माणसाने कापणाऱ्याच्याच बाजूला उभे राहावे, म्हणजे घोडा बिथरला तर त्याचे मागचे अंग तुमच्यापासून दूर वळवता येते.

घोड्याची तयारी चार-पाच दिवस आधीच सुरू होते. आदल्या दिवशी सकाळचे ऊन चढले की शाम्पूने धुवा, फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला आणि झूल टाकून कोरड्या जागी ठेवा. मातकट केसांवर नव्या पात्याची धारही अर्ध्या अंगात जाते, आणि ओले केस तर कापलेच जात नाहीत. त्याआधी तीन-चार दिवस घोडा चंदी (दाणा) खाताना शेजारी मशीन नुसते चालू ठेवा. मग बंद मशीन खांद्यावर टेकवा, नंतर चालू मशीनची उलटी बाजू. तरीही उभा राहत नसेल तर गुंगीचे औषध पशुवैद्याच्याच हातून. गुंगीतला घोडाही अचानक लाथ मारतो, आणि पुरता शुद्धीवर येईपर्यंत त्याला खायला द्यायचे नाही.

खडूने रेघा मारून घ्या. खोगिराखालचे गादीवस्त्र पाठीवर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढा, ती जागा राखायची. पायांचे केसही राखावेत, काटेकुट्यांपासून तेच वाचवतात. सुरुवात खांद्यापासून करा. पाते कातडीला सपाट, केसांच्या उलट दिशेने, लांब आणि सलग ओढ, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला. भोवऱ्यापाशी केस चारी बाजूंनी फिरतात. तिथे एकच ओढ मारली की ओरखड्यासारखी खूण उठते, म्हणून मशीन त्याच्याभोवती फिरवत न्या. देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, पाहणारे गिऱ्हाईक येणार असेल तर हे आणखी सांभाळा. कोपराखाली, काखेत आणि जांघेपाशी कातडी सैल असते. तिथे मोकळ्या हाताने ती ताणून, पुढचा पाय दुसऱ्याला पुढे ओढायला लावूनच कापा, जखमा तिथेच होतात. कानाच्या आतले केस आणि डोळ्या-ओठांजवळचे राठ केस काढू नका. पट्टे उमटलेच तर त्याच दिवशी खोल कापत बसू नका, बारीक रेषा आठवड्याभरात मिटतात. म्हणून मिरवणुकीचा घोडा आदल्या दिवशी कापायला घेऊ नये.

रंग उतरलेला दिसेल, कुमैत (तांबूस-तपकिरी घोडा) मातकट होतो, त्यात बिघडले काही नाही. नुकऱ्याची, म्हणजे पांढऱ्या घोड्याची, गुलाबी कातडी मात्र उन्हात भाजते, त्याला सावली आणि पातळ सुती झूल लागतेच. बाकीच्यांना रात्रीची झूल त्याच संध्याकाळपासून द्या आणि चारा थोडा वाढवा.

घोड्याला धनुर्वाताची लस झालेली नसेल तर मशीन हातात घेण्याआधी टोचून घ्या. घोड्याला हा रोग लवकर होतो आणि छोट्याशा चिरेतूनही होतो. एका घोड्याचे पाते दुसऱ्याला लावायचे असेल तर आधी साफ करून जंतुनाशक मारा, आणि अंगावर गोल चट्टे किंवा खपल्या असतील तर तो घोडा बरा होईपर्यंत कापू नका, गजकर्ण पात्यावरून सगळ्या तबेल्यात पसरते.