ट्रेंट-सेव्हर्नच्या काठी डॉक बांधण्यापूर्वी

ओंटारियोत थोडे स्थिरावल्यावर टोरंटोच्या ईशान्येला, कवार्था सरोवरांच्या परिसरात, पाण्याला लागून एखादी कॉटेज घ्यावी असा विचार आपल्यातील अनेक कुटुंबे करतात, आणि जागा ताब्यात येताच पहिल्याच उन्हाळ्यात डॉक (बोट लावण्याचा पाण्यातला धक्का), पायऱ्या किंवा काठाची भिंत बांधण्याची घाई सुरू होते. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. परवान्याचा अर्ज भरणे हा या व्यवहारातील सर्वांत सोपा भाग आहे. घराच्या उंबरठ्यापासून पाण्याच्या तळापर्यंत कोणती जमीन कोणाच्या मालकीची आहे, हे कागदोपत्री ठरवून घेणे हे खरे काम आहे. ते झाले नसेल तर उत्तम आराखडाही चुकीच्या कार्यालयात जाऊन पडतो.

कवार्था सरोवरांमधून जाणारा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग ओंटारियो सरोवराच्या बाजूच्या ट्रेंटन गावापासून जॉर्जियन बेवरील पोर्ट सेव्हर्नपर्यंत 386 किलोमीटर पसरलेला आहे. त्याचे काम 1833 मध्ये बॉबकेजन येथे सुरू झाले आणि 1920 मध्ये संपले. सरोवरे आणि नद्या धरणांनी अडवून, त्यांची पातळी वाढवून आणि मध्ये लॉक, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद, बांधून तो तयार केलेला असल्यामुळे आज जे नैसर्गिक सरोवर वाटते, त्याच्या कडेचा बराच भाग ही मुळात बुडवलेली जमीन आहे. हा जलमार्ग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून त्याचा कारभार पार्क्स कॅनडा ही केंद्रीय संस्था पाहते. पाण्याखालचा तळही बहुतेक ठिकाणी तिच्याच अखत्यारीत येतो. त्यामुळे डॉक, बोट उतरवण्याचा उतार, बोटघर, काठाची भिंत, गाळ काढणे यांपैकी काहीही पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला करायचे असेल तर तिचा लेखी परवाना लागतो. डॉक तुमचा असला तरी तो ज्या तळावर उभा राहतो किंवा ज्या तळावरच्या पाण्यात तरंगतो, तो तुमचा नसतो.

हद्द कोठे आहे, हा येथे पहिला घोळ होतो. सरकारी तळाची सीमा आज पाणी जेथे दिसते तेथे नसते. नौकानयनासाठी ठरवलेल्या वरच्या नियंत्रित पातळीला पाणी जेथपर्यंत पोहोचते, तेथे ती असते. नौकानयनाचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सुमारास संपतो, आणि त्यानंतर पाणी उतरवले जाते. ऑक्टोबरअखेरीस जागा पाहायला गेलेल्या ग्राहकाला त्यामुळे आयती वाळूची पट्टी दिसते आणि ती सौद्यातच मिळाली असे वाटते. महाराष्ट्रात नदीकाठी घर बांधताना निळी आणि लाल पूररेषा पाहावी लागते, त्याच शहाणपणाने येथे ही पातळीची रेषा सर्व्हेअरकडून नकाशावर आखून घ्यावी. खरेदीखताच्या वेळी आपल्या वकिलाला आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे या जमिनीवर पाणी पसरवण्याचा हक्क सरकारकडे राखीव आहे का. जलमार्गाच्या काठच्या अनेक मिळकतींवर असा हक्क नोंदलेला असतो आणि विक्रीच्या जाहिरातीत तो कधीच दिसत नाही.

दुसरा घोळ नवीन माणसाला अधिक चकवतो. एकोणिसाव्या शतकात जमिनींची मोजणी करताना शासनाने अनेक सरोवरांच्या कडेने 66 फूट, म्हणजे सुमारे 20 मीटर, रुंदीची पट्टी सार्वजनिक वाटेसाठी राखून ठेवली होती. तिला शोअर रोड अलाउन्स म्हणतात. रस्ता बहुतेक ठिकाणी झालाच नाही, पण पट्टीची मालकी मात्र नगरपालिकेकडे राहिली. अशा ठिकाणी तुमची जमीन पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. तुमचे अंगण, झाडे आणि कधीकधी जुन्या मालकाने बांधलेले आख्खे बोटघर नगरपालिकेच्या जागेवर उभे असते. नगरपालिकेने ठराव करून ती पट्टी बंद केली तर लगतच्या मालकाला ती विकत घेता येते, पण त्यासाठी मोजणी, वकील आणि कित्येक महिन्यांचा धीर लागतो, आणि शेजाऱ्यांचे म्हणणेही विचारात घेतले जाऊ शकते. ही पट्टी बंद होऊन तुमच्या नावावर आली आहे की नाही, हे समजल्याशिवाय किनाऱ्यावर खिळासुद्धा ठोकू नये. तपासणीसाठी लागणारा खर्च पुढच्या मनस्तापापुढे क्षुल्लक आहे.

उत्तरेकडे हॅलिबर्टन भागात जागा घेतली असेल तर वेगळा विचार करावा लागतो. तेथील सरोवरे जलमार्गाला पाणी पुरवणारे साठे आहेत आणि धरणांवरचे नियंत्रणही पार्क्स कॅनडाचेच आहे, परंतु तळ सामान्यतः प्रांताच्या अखत्यारीत असल्यामुळे प्रश्न प्रांताच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाकडे जातो. तेथे तळावर टेकणाऱ्या आधारांचे एकूण क्षेत्रफळ 15 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर डॉकसाठी मंत्रालयाचे वर्क परमिट (नोकरीचे नव्हे, बांधकामाचे) लागते. शेजारच्या तालुक्यातील मित्राने सांगितलेला अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही, तो यामुळेच.

काठावरच्या जमिनीसाठी नगरपालिका आणि कॉन्झर्व्हेशन अथॉरिटी (पाणलोट क्षेत्र सांभाळणारी स्थानिक संस्था) अशी आणखी दोन दारे आहेत. घर वाढवायचे, गच्ची किंवा कोठार बांधायचे तर नगरपालिकेचा बांधकाम परवाना लागतो, आणि पाण्यापासून 30 मीटर अंतर सोडण्याची अट अनेक नगरपालिकांच्या नियमांत असते. सांडपाण्याच्या शोषक क्षेत्रासाठी प्रांताची बांधकाम संहिता सरोवर किंवा नदीपासून किमान 15 मीटर अंतर मागते. पूरक्षेत्र, नदीचे खोरे आणि पाणथळ जागा यांच्या परिसरात भराव टाकणे किंवा उत्खनन करणे यासाठी कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीची परवानगी घ्यावी लागते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पाणथळ जागेभोवतीचा 30 मीटरचा पट्टाही तिच्या कक्षेत येतो. एका कार्यालयाची मंजुरी म्हणजे दुसऱ्याचीही मंजुरी, असे कोठेही गृहीत धरू नये.

आता आराखड्याकडे वळू. तळाला कमीत कमी स्पर्श करणारी रचना सर्वांत सहज मान्य होते: तरंगता डॉक, पाइपच्या पायांवरचा डॉक किंवा काठावरून पुढे झेपावणारा डॉक. दगडांनी भरलेल्या लाकडी पेटाऱ्यांवरचा डॉक माशांची जागा कायमची व्यापतो, म्हणून त्याला हरकत घेतली जाते. काँक्रीटची उभी भिंत तर शक्यतो मागूच नये, आणि हे मी केवळ नियमाच्या धाकाने म्हणत नाही. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरून भिंतीच्या पायथ्याची माती खरवडते आणि शेजाऱ्याच्या काठावर जोर काढते, शिवाय हिवाळ्यात सरकणारा बर्फ तिला ढकलून तडे पाडतो. उताराने रचलेले दगड आणि त्यांच्यामध्ये लावलेली स्थानिक झुडपे हाच मार खाऊन टिकतात. तरंगत्या डॉकसाठी उघडा फोम वापरता येत नाही. 11 मे 2023 पासून ओंटारियोत तो पूर्णपणे आवरणात बंद असावा लागतो, तेव्हा स्वस्तात मिळणारा जुना डॉक घेताना त्याच्या पोटात काय भरले आहे ते पाहून घ्यावे.

अर्जासोबत मालकीचा पुरावा, मोजणीचा नकाशा, काठाची सध्याची छायाचित्रे, मोजमापांसह आराखडा, साहित्य, यंत्रे आणि काम करण्याची पद्धत द्यावी लागते. गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदा कसा लावणार, हेही लिहावे. अर्ज कंत्राटदार करणार असेल तर त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे. पाण्यातल्या कामाला वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बंदी असते, कारण वॉलाय जातीचे मासे एप्रिलच्या सुमारास अंडी घालतात आणि बास मासे मे-जूनमध्ये उथळ पाण्यातील घरट्यांवर पहारा देतात. माशांच्या अधिवासाची हानी केंद्राच्या मत्स्य कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात डॉक हवा असेल तर आदल्या शरदातच अर्ज पाठवावा. बर्फ वितळल्यावर अर्ज करणाऱ्यांची गर्दी होते आणि मंजुरी मिळाली तरी कामाची मुभा नंतरच मिळते.

पाण्यातील वनस्पती उपटणे किंवा काठाला वाळू ओतून चौपाटी करणे हा स्वतःच्या अंगणातील साफसफाईचा भाग नाही, हेही येथे सांगायला हवे. विशेषतः पिजन लेकमध्ये वाढणाऱ्या रानभातावरून कॉटेजमालक आणि कर्व्ह लेक येथील आदिवासी समाज यांच्यात मोठा वाद झाला होता. सरकारशी झालेल्या 1923 च्या विल्यम्स करारांत समाविष्ट असलेल्या आदिवासी समाजांचे शिकार, मासेमारी आणि वेचणीचे हक्क 2018 च्या समझोत्यात मान्य झाले आहेत. आपल्याला गवत वाटणारी वनस्पती दुसऱ्या कोणाचे पिढ्यानपिढ्यांचे अन्न असू शकते, आणि परवान्याशिवाय तिला हात लावणे हा गुन्हा ठरू शकतो.

काही कंत्राटदार ‘इथे सगळे असेच करतात, परवान्याची गरज नाही’ असे सांगतात. बांधकाम पाडून काठ पूर्ववत करण्याचा आदेश आला तर तो मालकाच्या नावाने येतो, कंत्राटदाराच्या नावाने नव्हे. जुना डॉक असलेली जागा घेताना विक्रेत्याकडून त्या डॉकच्या परवान्याची प्रत मागावी, ती मिळण्याची अट खरेदीच्या प्रस्तावातच घालावी, आणि प्रत्यक्ष डॉकची लांबी-रुंदी परवान्यातील आकड्यांशी स्वतः टेप लावून पडताळून पाहावी.