बर्मिंगहॅमचे सोनेरी पुतळे: बघायचे कसे

मुलगी-जावई बर्मिंगहॅमला असले की आलेल्या आईवडिलांना पहिल्याच रविवारी मॉल दाखवतात. तो पुढे ढकला आणि एक सकाळ मागून घ्या. माझी नोकरी पिंपरीला टूलरूममध्ये झाली, त्यामुळे पुतळा बघायची माझी रीत अशी: आधी हात, चेहरा मागाहून. चेहरे बहुतेक सारखेच रुबाबदार असतात. काम काय केलं, ते हातातल्या वस्तूवरून कळतं.

ट्रामने टाउन हॉलच्या थांब्यावर उतरा. चेंबरलेन स्क्वेअरमध्ये जोसेफ प्रीस्टली आहे. एफ. जे. विल्यमसनने 1874 मध्ये तो संगमरवरात घडवला, 1951 मध्ये त्यावरून ब्राँझचा ओतला. हातात भिंग आहे. 1 ऑगस्ट 1774 ला भिंगाने ऊन पाऱ्याच्या तांबड्या ऑक्साइडवर एकवटून त्याने ऑक्सिजन वेगळा केला, तो हा प्रसंग. समोरून फोटो काढून निघू नका. बाजूला या आणि नजर भिंगापाशी कशी खिळलीय ते बघा. प्रयोग मात्र इथला नाही, विल्टशायरमधला. इथे तो 1780 मध्ये राहायला आला, आणि 1791 च्या दंगलीत इथल्याच जमावाने त्याचं घर आणि प्रयोगशाळा जाळली. त्यानंतर 83 वर्षांनी गावाने पुतळा बसवला.

जवळच वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॉटचा 1868 चा संगमरवरी पुतळा आहे. त्याला दोन मिनिटं पुरेत, कारण पुढे वॉट पुन्हा भेटतो, तोही चांगल्या संगतीत.

पाच मिनिटं चाललात की सेंटेनरी स्क्वेअर. विल्यम ब्लॉयचं 1956 चं हे शिल्प: कारखानदार मॅथ्यू बोल्टन, त्याचा भागीदार वॉट आणि त्यांचा इंजिनियर विल्यम मर्डॉक, तिघंही सोन्याच्या वर्खाने मढवलेले. लख्ख उन्हात वर्ख नुसता चमकतो आणि कपड्यांच्या चुण्यासुद्धा दिसत नाहीत. ढगाळ दिवस निवडा. तिथे त्याची टंचाई नाही. मोबाइलवर सोनेरी भागावर बोट टेकवून उजेड थोडा खाली घ्या.

आता हात. तिघं मिळून वाफेच्या इंजिनाचं ड्रॉइंग बघताहेत, अर्धवट गुंडाळलेलं. गावकरी यांना ‘गालिचे विकणारे’ म्हणतात ते त्या गुंडाळीमुळेच. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हसू येणार नाही. ड्रॉइंगवर तिघं वाकले की एकाला पैसा दिसतो, दुसऱ्याला तत्त्व, आणि तिसऱ्याला साइटवर काय अडणार ते. बोल्टन, वॉट आणि मर्डॉक अगदी त्याच क्रमाने. यांचा धंदाही बघण्यासारखा होता: वाफेच्या जुन्या, न्यूकॉमेनच्या इंजिनाच्या मानाने जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश दरसाल आम्हाला द्या. खाणमालक कुरकुरत, पुढे काहींनी तर पैसे अडवूनही ठेवले.

इथे थोडं थांबून, कोण नाही तेही मोजा. वॉटचं इंजिन कागदावरून उतरलं ते लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याने सिलिंडर नीट बोअर करून, म्हणजे आतून गोल कोरून, दिले म्हणून. तोफा पोखरायची त्याची 1774 ची रीत होतीच, सिलिंडरसाठी त्याने पुढे वेगळं यंत्र केलं. 50 इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असं बोल्टनने लिहून ठेवलंय. आज असा नग क्वालिटी तपासणारा हातात घेणार नाही, पण त्या काळात ती कमाल होती. चौथा पुतळा त्याचा हवा होता. बोअरिंग करणाऱ्याला कोण विचारतो म्हणा.

भारतातून निघण्याआधी फोनमध्ये दोन नाण्यांचे फोटो घालून न्या: एक शिवराई आणि एक मुंबई इलाख्याचा 1791 चा तांब्याचा पैसा. (नाणी नेऊ नका, शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.) हा पैसा बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, याच शहरात, वाफेच्या यंत्रावर पाडला. एका बाजूला तराजू, पारड्यांच्या मध्ये फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. फोटो मोठा करा. शिवराईची कड वेडीवाकडी, अक्षरं बऱ्याचदा नाण्याबाहेर गेलेली, कारण ती हाताने ठोकलेली. बोल्टनचा पैसा गोलाला गोल, एकासारखा दुसरा. हे मर्डॉकच्या पायाशी उभं राहून नातवंडांना दाखवा, पाठांतराची गरज पडणार नाही.

वेळ उरला तर बसने हँड्सवर्थ. तिघंही सेंट मेरी चर्चमध्ये पुरलेत, आणि वॉटच्या थडग्यावर बांधलेल्या खोलीत शिल्पकार चँट्रीने घडवलेला बसलेला वॉट आहे. माझ्या मते सगळ्यांत सरस तोच. चर्च कधी उघडं असतं ते आधी विचारून जा. बंद असलं तर जवळच बोल्टनचं घर, सोहो हाउस, संग्रहालय म्हणून बघता येतं. तेही रोज उघडं नसतं. दोन्हीला कुलूप लागलं तर सोहो रोडवर जेवून घ्या, तिथे देशी दुकानं रांगेने आहेत आणि आमच्या हिला तर तोच भाग जास्त आवडला.