नोडची बॅटरी वाचते, पण सिग्नल हुकतो? सहकारी स्पेक्ट्रम सेन्सिंगमधल्या या चुका टाळा

टीव्हीच्या यूएचएफ फ्रिक्वेन्सी पट्ट्यातला कुठला चॅनल मोकळा आहे हे अनेक नोडनी (सिग्नल ऐकणाऱ्या छोट्या रेडिओ यंत्रांनी) मिळून ओळखायचं आणि त्याचा मूळ मालक, म्हणजे परवानाधारक प्रसारक, तो वापरत नसेल तेवढाच वेळ वापरायचा, ही सहकारी स्पेक्ट्रम सेन्सिंगची कल्पना कोकणातल्या वाड्यावस्त्यांना मोठा आधार देऊ शकते. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातल्या गावांत याच पट्ट्यातून (४७०–५९० मेगाहर्ट्झ) इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग केला आहे. पण ऐन जुलैत सौर पॅनलवर नोड चालवायचे तर बचत कुठे करायची हे नीट ठरवावं लागतं.

बहुतेक जण आधी ऐकण्याचा वेळ कापतात. ही सगळ्यात महागडी चूक. सिग्नल नॉइजच्या (पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या) तुलनेत निम्मा झाला, की एनर्जी डिटेक्टरला (चॅनलमधली ऊर्जा मोजून सिग्नल ओळखणाऱ्या भागाला) साधारण चौपट नमुने, म्हणजे चौपट ऐकण्याचा वेळ लागतो. उलट टोकाची चूकही होते: काही सापडेना म्हणून ऐकण्याचा वेळ वाढवतच नेतात. नॉइजची पातळी ±१ डेसिबलने अनिश्चित असेल, तर नॉइजच्या तुलनेत सुमारे −३.३ डेसिबलखालचा सिग्नल कितीही वेळ ऐकून खात्रीने ओळखता येत नाही. तिथे बॅटरी निव्वळ वाया जाते. म्हणून आधी नॉइज मोजा. आरटीएल-एसडीआर डोंगलचा (यूएसबीला जोडायच्या स्वस्त रेडिओ रिसीव्हरचा) ऑटोमॅटिक गेन, म्हणजे आपोआप बदलणारं सिग्नलवर्धन, बंद करून गेन ठरावीक ठेवा, अँटेनाच्या जागी जुळणारा टर्मिनेटर (बाहेरचा सिग्नल आत येऊ न देणारं टोपण) लावा आणि पहाटे व भर दुपारी अशी दोनदा पातळी घ्या. पत्र्याखालच्या डब्यात दिवसभरात तापमान खूप बदलतं, त्याबरोबर थ्रेशोल्डही (ज्या पातळीच्या वर चॅनल व्यापलेला मानायचा ती मर्यादा) बदलायला हवा.

दुसरी चूक जागेची. एकाच सड्यावर चार नोड ठेवले तर चौघांना जवळपास एकच ऐकू येतं. एकाच घळीत ठेवले तर चौघेही डोंगराआड. एक सड्यावर, एक खाडीच्या मुखाशी, एक खाली वाडीत असे पसरा. शेजारचे जास्तीचे नोड असतील तर त्यांना आळीपाळीने झोपवा. खरी बचत इथे आहे.

निर्णयाचा नियमही तपासा. ‘एकाने जरी हो म्हटलं तरी चॅनल व्यापलेला’ हा नियम सुरक्षित वाटतो. पण दहा स्वतंत्र नोडचा खोटा इशारा (मोकळ्या चॅनलला व्यापलेला म्हणण्याची शक्यता) प्रत्येकी ५ टक्के असेल, तर एकत्रित तो ४० टक्क्यांवर जातो आणि मोकळा चॅनल हातचा जातो. बहुमताचा नियम आधी करून पाहा.

पावसाळ्याआधीच्या महिन्यांत किनाऱ्यावरचे नोडच वारंवार ‘व्यापलेला’ सांगू लागले, तर डिटेक्टर बिघडला असं लगेच समजू नका. समुद्रावरच्या डक्टिंगमुळे (हवेचे थर रेडिओ लहरींना नळीसारखे वाहून नेतात त्यामुळे) फार लांबचे सिग्नल येतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे. आतल्या नोडशी ताळा करा.

शेवटी अहवाल. एक बिटचा, म्हणजे फक्त ‘व्यापलेला’ की ‘मोकळा’ एवढाच निर्णय पुरतो, आणि मोजमाप दोन थ्रेशोल्डच्या मध्ये पडलं तर नोडने गप्प राहिलेलं चांगलं, कारण संदिग्ध मत पाठवण्यातही ऊर्जा जाते. मात्र बॅटरी संपलेला नोडही गप्पच असतो. प्रत्येक नोडने ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ एवढं तरी कळवलंच पाहिजे, आणि ज्याची खूण आली नाही त्याचं मत ‘मोकळा’ असं कधीही धरू नका.