गीझर कोमटच पाणी देत होता, कॉइल बदलायच्या आधी हे मोजा

आमच्या सांगलीच्या घरी २००० वॅटचा गीझर हल्ली पाणी नुसतं कोमट करायचा, दुकानदार म्हणला कॉइल गेली, बदला. म्हटलं थांबा, आधी मोजूया.

ओळखीच्या वायरमनदादांना बोलावलं, गीझर चालू ठेवून त्याच्या टर्मिनलवर मीटर लावला तर १८० व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) ६.८ अँपिअर. १८० भागिले ६.८ म्हणजे साडेसव्वीस ओहम, आणि २३० व्होल्टला २००० वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स एवढाच येतो (२३० चा वर्ग भागिले २०००), म्हणजे कॉइल ठणठणीत! पॉवर मात्र १८० गुणिले ६.८, जेमतेम १२२४ वॅट. व्होल्टेज थोडं पडलं की पॉवर वर्गाच्या हिशोबात पडते ना.

मग वाटलं शेतीपंपांमुळं लाईटच कमी येत असेल, पण मेन बोर्डावर त्याच वेळी २२८. मधले ४८ व्होल्ट गेले कुठं? ४८ गुणिले ६.८ म्हणजे सव्वातीनशे वॅट भिंतीत कुठंतरी तापतायत, आग लागली असती राव. मेन बंद करून गीझरचा सोळा अँपिअरचा स्विच उघडला तर स्क्रू ढिला, वायर काळी पडलेली. जळकं टोक कापलं, स्विच नवा टाकला. आता २२६ व्होल्ट, साडेआठ अँपिअर.

चालू लाईनवर मोजायचं काम वायरमनकडनंच करून घ्या बरं का.