फटीगवर संशोधन करायचंय? सुरुवात लेथपासून करा

नाशिकमध्ये एम.ई. किंवा पीएच.डी.ला धातूंचं फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड पडून धातू तुटणं, हा विषय घेतला, की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शिकायला बसतात. निकालाची लायकी मात्र सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, जिथे चाचणीचे नमुने बनतात त्या लेथवर ठरते.

सगळे नमुने एकाच हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या स्टीलच्या) बारमधून घ्या आणि नंबर पकडीच्या टोकावरच पंच करा. आधी रफ टर्निंग, मग हीट ट्रीटमेंट, शेवटी हलक्या हाताने ग्राइंडिंग. घाई केली तर पृष्ठभाग जळतो, आत ताण उरतो आणि तुम्ही स्टीलऐवजी ग्राइंडिंगच तपासत बसता. मधल्या भागाचा व्यास 8 मिमी असेल तर तिथून पकडीकडे जाणाऱ्या वळणाची त्रिज्या किमान 64 मिमी ठेवा. शेवटचं पॉलिश नमुन्याच्या लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा राहिला, तर तडा तिथूनच सुटतो. भिंगाखाली फिरवून बघितल्याशिवाय एकही नमुना मशीनवर चढवू नका.

वेळेचा हिशेब आधी मांडा. 3000 आरपीएमच्या रोटेटिंग बेंडिंग मशीनवर (यात वाकवलेला नमुना गोल फिरतो, एक फेरी म्हणजे एक सायकल) 1 कोटी सायकल म्हणजे जवळजवळ 56 तास, तेही एका नमुन्याला. मध्येच वीज गेली तर वेळ आणि काउंटरचा आकडा लगेच वहीत लिहा.

एकाच लोडवर एक नमुना 2 लाख सायकलला तुटतो, दुसरा 8 लाखाला. असा फरक येणारच, म्हणून आयुष्याचा, म्हणजे तुटेपर्यंतच्या सायकलसंख्येचा, लॉगॅरिदम घेऊन काम करतात. फटीगच्या आकडेवारीसाठीचं अमेरिकन मानक एएसटीएम ई739 प्राथमिक कामाला 6 ते 12 नमुने सांगतं, विश्वासार्हतेसाठी 12 ते 24. न तुटलेला नमुना लोड आणि आयुष्याच्या आलेखात बाण काढून दाखवा. तुटलेल्यांच्या गणितात मिसळू नका. तोच नमुना जास्त लोडवर पुन्हा चालवून नवा म्हणून मोजणं तर सरळ चूक आहे.

तुटलेले तुकडे एकमेकांना जुळवून बघायचा मोह होतो. जुळवू नका, तड्याच्या खुणा घासून जातात. पावसाळ्यात तर त्यावर लगेच गंज चढतो, म्हणून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

खूप लवकर तुटलेला नमुना ‘खराब’ म्हणून वगळायची फार घाई होते. आधी एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, तडा कुठून सुटला ते शोधा. पृष्ठभागालगत धातूतली अशुद्धी सापडली, तर तो आकडा ठेवायलाच हवा. आलेखातल्या सरासरी वक्ररेषेच्या आयुष्यापर्यंत निम्मे भाग तुटलेले असतात. एक्सल बनवणाऱ्याला 1 टक्का कधी तुटतील हे हवं असतं, आणि ते उत्तर याच लवकर तुटलेल्या नमुन्यांत असतं.