नव्या घरी आलेल्या कासवाला ऊन खाण्याची सवय लावताना

दुसऱ्याच्या घरून आपल्याकडे आलेले लाल कानांचे कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, सुरुवातीचे काही दिवस टाकीच्या तळाशी बसून राहते आणि ऊब घेण्यासाठी पाण्याबाहेर ठेवलेल्या फळीवर चढलेच तरी माणसाची चाहूल लागताच धपकन पाण्यात पडते. एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. मात्र ते अनेक दिवस बाहेरच आले नाही, तर दुर्लक्षही करू नये. कारण खाल्लेले पचवण्यासाठी त्याला बाहेरची उष्णता लागते, अतिनील किरण मिळाल्यावाचून त्याच्या कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि कवच नियमितपणे पूर्ण कोरडे झाले नाही तर ते कुजू लागते.

कासव आणतानाच आधीच्या मालकांना त्याची फळी कशी होती, फळीवर ऊब देणारा दिवा किती वेळ चालू असे, हे विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास तीच फळी मागून आणावी. नवी घेणार असाल तर ती अख्ख्या कासवाला पाण्याबाहेर बसता येईल एवढी मोठी आणि त्याच्या वजनाने न डगमगणारी असावी. चढण बेताची व खरखरीत हवी. गुळगुळीत प्लास्टिकवर नखे घसरत राहतात आणि दोनतीनदा घसरलेले कासव पुन्हा तिकडे फिरकत नाही.

बहुतेकदा खरी अडचण तापमानात असते. पाणी साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि फळीवरची बसण्याची जागा ३२ ते ३५ अंश असावी. पाणीच कोमट असेल तर बाहेर येण्याची त्याला गरजच वाटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याचा हीटर बंद ठेवावा. तापमान अंदाजाने न ठरवता फळीवर, कवचाच्या उंचीला, थर्मामीटर ठेवून मोजावे.

उष्णतेच्या दिव्यासोबत यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारा, दिवाही लागतो. दोन्ही रोज १० ते १२ तास चालू ठेवावेत. यूव्हीबी दिव्याच्या आड काच येऊ देऊ नये, कारण काच हे किरण अडवते. खिडकीतून टाकीवर येणारे ऊनही म्हणूनच पुरत नाही. शिवाय काचेची टाकी थेट उन्हात ठेवली तर पाणी भराभर तापून कासवाच्या जिवावर बेतू शकते.

यानंतरचे काम धीराचे आहे. कासवाला उचलून फळीवर ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे ती जागा त्याच्या लेखी भीतीची होते. टाकी वर्दळीपासून दूर ठेवावी, हवे तर समोरच्या काचेला कागद लावावा, आणि लांबूनच पाहावे. आधी नुसती मान वर येते, मग पुढचे पाय फळीवर टेकतात, आणि एखाद्या दुपारी ते मागचे पाय ताणून, बोटे फाकवून निवांत पसरलेले दिसते. त्या वेळी जवळ जाऊन फोटो काढू नयेत.

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, एका कुशीवर कलून तरंगणे किंवा पाण्यात जायचेच टाळून सतत फळीवर बसून राहणे ही मात्र आजाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.